तालीम आणि शेजारधर्म



वसंत व्याख्यानमालेत तालमीवर बोलावयाचे म्हटले म्हणजे श्रोत्यांच्या मनात थोडी शंका येणे साहजिक आहे. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात ही प्रथा सुरू केली ती लोकशिक्षणासाठी. इतिहास, अर्थकारण, धर्मविचार, साहित्य हे विषय या व्यासपीठाच्या अंगवळणी पडलेले आहेत. लंगोटाचा आणि लाल मातीचा येथे काय संबंध, असे कोणी विचारल्यास आम्हांस राग येणार नाही. आमचे उत्तर एवढेच की, व्याख्यानमाला गावोगाव पोहोचत होत्या त्या काळात गल्लीगल्लीतल्या तालमींतूनही एक लोकशिक्षण चालू होते. त्या शाळेला फळा नव्हता, परीक्षा नव्हती, आणि हजेरीपटही नव्हता. तरी कोण आला नाही हे तेथे सर्वांना ठाऊक असे. त्या शाळेविषयी आज चार शब्द बोलावे असा आमचा विचार आहे.

प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. पदके, ढाली, गदा यांचा हिशेब आम्ही मांडणार नाही. तो वर्तमानपत्रांतून येतच असतो. आमचा प्रश्न निराळा आहे. तालमीत शंभर मुले येतात, त्यांतील नव्व्याण्णव मुले जन्मात एकही गदा जिंकत नाहीत. या नव्व्याण्णवांना तालीम काय देते, आणि ती मुले ज्या पेठेत राहतात त्या पेठेला काय देते? एखाद्या क्रीडामंडळाची खरी किंमत या प्रश्नाच्या उत्तरावरून ठरते, असे आमचे मत आहे.

कोल्हापूरचे उदाहरण घेऊ. त्या शहरात तालीम म्हणजे नुसती व्यायामाची जागा नव्हे. तो पत्ता आहे. कोणी अनोळखी भेटला तर ‘कुठल्या पेठेचा?’ असे विचारतात आणि पाठोपाठ ‘कुठल्या तालमीचा?’ असे विचारतात. बाहेरून पाहावे तर एक बैठी इमारत, आत मारुतीची शेंदरी मूर्ती, भिंतीशी लावलेल्या जोड्या आणि मुद्गल, मध्ये हौदा. हौद्यातली माती नुसती आणून टाकलेली नसते. ती चाळतात, तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू घालतात आणि रोज फावड्याने उकरतात. ही माती उकरण्याचे काम सर्वांत धाकट्या पोराला करावे लागते, मग तो सावकाराचा असो की हमालाचा. पहिला धडा तो. ज्या मातीत आपण खेळणार ती दुसऱ्यासाठी मऊ करून ठेवावयाची, कारण त्या मातीवर पडणार आहे तो आपला जोडीदारच.

आमच्या लहानपणीची एक गोष्ट सांगतो. ती काही विशेष नाही, म्हणूनच सांगतो. आमच्या गल्लीतल्या तालमीत एक मुलगा चार दिवस आला नाही. वस्तादांनी कोणास काही विचारले नाही. पाचव्या दिवशी पहाटे ते स्वतः त्याच्या दारात जाऊन उभे राहिले. वडिलांचे काम सुटले होते, घरात दूध बंद झाले होते, आणि खुराकावाचून मेहनत कशी करावयाची म्हणून पोरगा लाजून येत नव्हता. वस्ताद त्याच्या आईस म्हणाले, ‘वहिनी, दुधाचं बघू या, पोराला पाठवा.’ त्या दिवसापासून त्याचे दूध कोठून येई हे आम्हां मुलांना कधीच कळले नाही. तो मुलगा मोठा पैलवान झाला नाही. साधी नोकरी करून निवृत्त झाला. परंतु पुढे त्याचे वडील वारले तेव्हा तिरडी बांधण्यापासून स्मशानातून परत येईपर्यंत त्याला एकट्याला काही करावे लागले नाही. लग्नात मांडव घालावयास आणि मयतास खांदा द्यावयास तालमीची पोरे यावयाची, हा आमच्या बाजूचा शिरस्ता होता. बोलावणे लागत नसे.

यालाच आम्ही शेजारधर्म म्हणतो. शेजारी राहणारी माणसे आपोआप शेजारी होत नाहीत. त्यांनी रोज एका ठिकाणी यावे लागते, एकमेकांच्या घामाचा वास यावा लागतो, एकमेकांकडून पडावे आणि उठून हात मिळवावा लागतो. हे जेथे घडते त्या जागेला कोणी तालीम म्हणतील, कोणी व्यायामशाळा, कोणी क्रीडामंडळ. नाव निराळे, काम एकच.

आता या संस्था आल्या कोठून, हे थोडक्यात पाहू. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी मल्लविद्येस राजाश्रय दिला हे सर्वश्रुत आहे. १९०२ साली ते विलायतेस गेले होते. रोमचे प्राचीन क्रीडागार पाहून खासबाग मैदानाची कल्पना त्यांच्या मनात आली, आणि १९१२ पर्यंत ते मैदान उभे राहिले. मध्यभागी आखाडा आणि सभोवती चढत गेलेली बैठक, अशी त्याची रचना असल्यामुळे शेवटच्या रांगेतल्या माणसासही कुस्ती तितकीच स्पष्ट दिसते. त्याच १९०२ साली, २६ जुलैस, महाराजांनी आपल्या संस्थानात मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या. ज्या राजाने कचेरीचा दरवाजा उघडला त्यानेच आखाड्याभोवतीची बैठक बांधली, ही गोष्ट आम्हांस योगायोगाची वाटत नाही.

इतर ठिकाणी राजा नव्हता. तेथे नागरिकांनीच पुढाकार घेतला. पुण्यात १९०६ साली डेक्कन जिमखाना निघाला, आणि खो-खोसारख्या अंगणातल्या खेळास नियमांची चौकट मिळण्यास तेथून प्रारंभ झाला. अमरावतीस १९१४ साली वैद्य बंधूंनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे बीज रोवले. या मंडळाच्या पथकाने १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकप्रसंगी आपले देशी खेळ जगास दाखविले. कॅप्टन शिवरामपंत दामले यांनी १९२४ साली पुण्यात महाराष्ट्रीय मंडळ स्थापिले, तर दादरला १९२५ साली समर्थ व्यायाम मंदिर सुरू झाले. या सनावळीवरून एक गोष्ट ध्यानात येईल. देश पारतंत्र्यात होता, सभांवर आणि वृत्तपत्रांवर सरकारची नजर होती, अशा काळात चार माणसांनी एकत्र येऊन वर्गणी काढणे, घटना करणे, चिटणीस निवडणे, हिशेब ठेवणे हे सारे शिक्षण सामान्य माणसाला या मंडळांतून मिळाले. स्वराज्य चालविण्याची ही तालीमच होती. आपल्या भाषेत ‘तालीम’ हा शब्द कुस्तीच्या जागेलाही आहे आणि नाटकाच्या सरावालाही आहे. येथे तो दोन्ही अर्थांनी खरा ठरतो.

ही वर्गणीची शक्ती केवढी असते, याचे एक उदाहरण सर्वांच्या परिचयाचे आहे, तरी ते सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. कराडजवळच्या गोळेश्वर गावचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीस गेले आणि कांस्यपदक घेऊन आले. स्वतंत्र भारताच्या खेळाडूने मिळविलेले हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांच्या प्रवासासाठी गावकऱ्यांनी पैसे जमविले, आणि कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य बॅरिस्टर खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. परत आल्यावर खाशाबांनी कुस्त्यांचे फड भरवून ते ऋण फेडले. त्या पदकावर एका नावाची मोहोर आहे. परंतु त्यात गोळेश्वरच्या कितीएक घरांतील पैसा-दोन पैसे आहेत, एका शिक्षकाचे घर आहे. यानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूस दुसरे वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळावयास २०२४ साल उजाडावे लागले. ते पॅरिस येथे नेमबाजीत स्वप्नील कुसाळे यांनी मिळविले, आणि तेही कोल्हापूर जिल्ह्यातलेच.

आता कोल्हापुराहून मुंबईच्या गिरणगावात येऊ. येथे परिस्थिती अगदी वेगळी. कोकणातून आणि घाटावरून आलेला गडी दहा बाय बाराच्या खोलीत पाचदहा गाववाल्यांबरोबर पाळीपाळीने झोपावयाचा. त्याला घर असे नव्हतेच. त्याचे बसावयाचे, बोलावयाचे ठिकाण म्हणजे चाळीचे पटांगण, भजनी मंडळ आणि व्यायामशाळा. तेथे हुतूतू रुजला. मैदान पाहिजे एवढेसे, साधन काही नाही, खर्च शून्य. गरिबाच्या वस्तीला याहून योग्य खेळ कोणता? पुढे त्याचेच कबड्डी या नावाने एकच रूप ठरले, १९९० साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धांत त्यास प्रवेश मिळाला, आणि २०१४ पासून तर लिलावात खेळाडूंची बोली लागू लागली.

या खेळाच्या एका जुन्या नियमाकडे आपले लक्ष वेधावयाचे आहे. हुतूतू खेळण्याचे पूर्वी तीन प्रकार होते: अमर, गनिमी आणि संजीवनी. गनिमीत बाद झालेला गडी डाव संपेपर्यंत बाहेर बसून राही. संजीवनीत तसे नसे. आपल्या गड्याने समोरचा एक टिपला की आपला बाद झालेला एक गडी पुन्हा आत येई. पुढे जो खेळ सर्वमान्य झाला त्यात संजीवनीचे तत्त्व राहिले. या नियमात गिरणगावच्या मंडळांचे सगळे समाजकार्य आम्हांस दिसते. नापास झालेला, नोकरी सुटलेला, दारूच्या गुत्त्याकडे वळू लागलेला मुलगा म्हणजे बाद झालेला गडी. तो स्वतःच्या बळावर आत येऊ शकत नाही. दुसऱ्या कोणीतरी चढाई करून त्याला जीव द्यावा लागतो. चांगल्या खेळाडूस बँकेत, रेल्वेत, पोलिसांत किंवा गिरणीच्या संघात नोकरी लागे, आणि तो नोकरीवाला संध्याकाळी पुन्हा पटांगणात येऊन धाकट्यांना पकडी शिकवी. एकाच्या पगारावर चार पोरांचे बूट येत.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. संप रीतसर मिटला नाही. गिरण्या एकेक करून मिटत गेल्या. त्या वर्षांत गिरणगावातील कितीतरी तरुण मुले गुन्हेगारांच्या टोळ्यांत ओढली गेली, हा इतिहास आहे. अंगात बळ होते, पोटात भूक होती, आणि ‘ये, आमच्यात ये’ म्हणणारा कोणीतरी हवा होता. जेथे मंडळाने हाक दिली तेथे मुलगा मैदानावर राहिला. जेथे मंडळ थकले तेथे टोळीने हाक दिली. सगळा दोष त्या मुलांच्या माथी मारून आपण मोकळे होऊ शकत नाही. तरुणाला कोणाचा तरी व्हावयाचे असते. तो कोणाचा होतो, एवढाच प्रश्न असतो.

येथे नाण्याची दुसरी बाजू सांगणे आम्ही आपले कर्तव्य समजतो. जी एकी मयतास खांदा देते, तीच एकी कधीकधी दगडही उचलते. कोल्हापूरच्या तालमींनी फुटबॉलची आवड अशी जोपासली आहे की, शाहू स्टेडियमवर पेठांचे संघ उतरले म्हणजे बसावयास जागा मिळत नाही. परंतु त्याच सामन्यांत समर्थकांची हाणामारी झाल्याचे प्रसंगही शहराने पाहिले आहेत. उत्सवात डॉल्बीच्या भिंती उभ्या करून आजारी शेजाऱ्याची झोप उडविणारेही मंडळच असते. निवडणूक आली की काही ठिकाणी मंडळाच्या फलकावर मारुतीपेक्षा उमेदवाराची तसबीर मोठी होते, आणि एका जिममधील यंत्रांच्या बदल्यात सगळ्या गल्लीचा शब्द दिला जातो. जुनी तालीम पाडून खाली दुकानांचे गाळे आणि वर सभागृह बांधल्याचे प्रकारही आपण पाहतो. तेथे भाडे येते. पोरे येत नाहीत.

मग चांगले मंडळ आणि वाईट मंडळ ओळखावे कसे? आम्ही एकच कसोटी सुचवितो. त्या मंडळाच्या उंबरठ्यापाशी उभे राहावे आणि आत कोणाकोणास येता येते ते पाहावे.

कोल्हापूरच्या काही तालमींत गणपतीप्रमाणेच मोहरमचे पंजेही बसतात. २०१८ आणि २०१९ या दोन्ही वर्षी मोहरम आणि गणेशोत्सव एकाच सुमारास आले. तेव्हा अशा तालमींत गणपती आणि पीर एका छपराखाली शेजारी शेजारी बसले, आणि त्याच पोरांनी दोघांचीही सेवा केली. हा उंबरठा आम्हांस मोठा वाटतो. त्याच २०१९ च्या ऑगस्टात आणि पुन्हा २०२१ च्या जुलैत पंचगंगेचा पूर शहरात शिरला, महामार्ग बंद पडला. त्या वेळी पाण्यात उतरून म्हाताऱ्याकोताऱ्यांना बाहेर काढणारे आणि चुली पेटवून जेवणे पोहोचविणारे हात कितीतरी ठिकाणी तालमींचे आणि तरुण मंडळांचे होते. कोणत्या घरात अंथरुणाला खिळलेले माणूस आहे, कोणत्या गोठ्यात किती जनावरे आहेत, हे त्यांना यादी पाहून शोधावे लागले नाही. शेजारधर्म असा उपयोगी पडतो.

परंतु त्याच शहरात ७ जून २०२३ रोजी समाजमाध्यमांवरील मजकुराचे निमित्त होऊन दगडफेक झाली, दुकाने फुटली. ज्यांना शाहूंच्या नगरीचा अभिमान आहे त्यांनी ही तारीखही लपवू नये. त्या दिवसानंतर आमच्या मनात एकच विचार वारंवार येतो. ज्यांनी त्या दिवशी हातात दगड घेतला, त्यांना कोणी कधी हौद्यात जोड लावून दिली होती काय? समोरच्या मोहल्ल्यातल्या मुलाच्या पाठीची माती त्यांनी कधी आपल्या हाताने झाडली होती काय? झाडली असती तर दगड उठलाच नसता, असे ठामपणे म्हणण्याचे धाडस आम्ही करीत नाही. पण तो उचलणे थोडे जड गेले असते, एवढे निश्चित वाटते.

आणि दुसरा उंबरठा आमच्या लेकींचा. ‘महाराष्ट्र केसरी’ ही स्पर्धा १९६१ साली सुरू झाली. महिलांसाठी ती पहिल्यांदा भरली मार्च २०२३ मध्ये, सांगलीस; प्रतीक्षा बागडी तेथे विजयी झाल्या. मध्ये बासष्ट वर्षे गेली! पेठेची तालीम सर्वांची असे आपण म्हणत होतो, तेव्हा अर्धी पेठ दाराबाहेर उभी होती, हे आमच्या पिढीने कबूल केले पाहिजे. खो-खोच्या मैदानाने हे दार पुष्कळ आधी उघडले. धाराशिवच्या सारिका काळे यांना २०२० साली अर्जुन पुरस्कार मिळाला. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीस पहिला खो-खो विश्वचषक झाला, तेव्हा विजयी भारतीय महिला संघाच्या कर्णधार महाराष्ट्राच्या प्रियांका इंगळे होत्या. मल्लखांबाचेही तसेच. दादरच्या समर्थ व्यायाम मंदिराचे उदय देशपांडे यांनी मुलींना, दृष्टिहीनांना, दिव्यांगांना मल्लखांबावर चढविले. २०२४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ज्याला खांब दिसत नाही त्याला तो हाताने आणि पायाने ओळखावयास शिकविणे, याहून उंबरठा रुंद करण्याचे चांगले उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

कोणी म्हणेल, आता चौकाचौकांत जिम निघाल्या आहेत. तालमीचे दिवस गेले. जिमला आमचा विरोध नाही. आरोग्य कोठेही मिळवावे. परंतु जिमच्या भिंतींना आरसे असतात. माणूस तेथे स्वतःकडे पाहत मेहनत करतो, महिन्याचे पैसे भरतो आणि निघून जातो. चार दिवस गेला नाही तर त्याच्या दारात कोणी येत नाही. हौद्यात आरसा नसतो. समोर जोडीदार असतो, आणि त्याच्यावाचून कुस्ती होतच नाही. हा फरक लहान नव्हे.

तेव्हा आपण नागरिकांनी काय करावे? भाषण देऊन टाळ्या घ्याव्या आणि घरी जावे, असा आमचा उद्देश नाही. तीन साध्या गोष्टी सुचवितो. पहिली, आपल्या भागातील मंडळाचे सभासद व्हा, वर्गणी द्या, आणि वर्षातून एकदा हिशेब मागा. जमाखर्चाचा कागद तालमीच्या दारावर लावला जावा असा आग्रह धरा. ज्या मंडळाला शेजारी पैसे देतात त्याला उमेदवाराकडे हात पसरावा लागत नाही. दुसरी, आपल्या गावच्या विकास आराखड्यात खेळासाठी राखलेल्या जागा कोणत्या, याची चौकशी करा. मैदान एका रात्रीत जात नाही; ते आधी वाहने लावण्यास जाते, मग मांडवास जाते आणि मग कायमचे जाते. पहिल्या दिवशी हटकणारा शेजारी हवा. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची: आपल्या तालमीत मुलींसाठी, आणि पलीकडच्या वस्तीतील मुलांसाठी, आठवड्यातून निदान दोन संध्याकाळी राखून ठेवा. त्यासाठी सरकारी ठराव लागत नाही. कुलपाची किल्ली ज्याच्याकडे आहे त्याने मनावर घेतले की पुरे.

आमचे ते वस्ताद आता हयात नाहीत. त्यांच्या नावाचा चौक नाही, त्यांच्यावर गौरवग्रंथ निघाला नाही. परंतु आजही कोणी मुलगा चार दिवस कोठे दिसला नाही, म्हणजे पहाटे कोणीतरी त्याच्या दारात जाऊन उभे राहिले पाहिजे, असे आमच्या मनात येते. या सभागृहातून घरी जाताना आपण प्रत्येकाने आपल्या गल्लीतील असे एखादे न दिसणारे पोर आठवावे, आणि उद्या सकाळी त्याच्या दारापर्यंत जावे, एवढीच आमची विनंती आहे.